पितर लाजाळू, म्हणून कॅमेरा बंद

इंद्रजीत महाराजांनी डोळे मिटून हात वर केला आणि गेल्या वर्षी वारलेले माझे सासरे टीव्हीतून बिरोबाचं सुंबरान, त्याची आळवणी, गाऊ लागले. गारखेड्यातल्या आमच्या हॉलमध्ये गल्लीतल्या बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या; काहींनी डोळ्याला पदर लावला. माझ्या सासूबाई, बानाबाई, टीव्हीसमोर डोकं टेकून बसल्या. महाराजांची पाठ फिरली, जरा वेळ गेला, आणि टीव्हीवर पुन्हा तीच पाटी: सर्व्हर सापडत नाही.

सासऱ्यांच्या बिरोबाच्या ओव्या माझ्या नवऱ्यानं, रामेश्वरनं, घरच्या स्टोरेज सर्व्हरवर ठेवल्या होत्या. सर्व्हर म्हणजे टीव्हीखालची एक काळी पेटी. तिच्यात साठवलेलं गाणं घरातल्या वायफायवरून टीव्हीवर लागतं. आत्या, म्हणजे सासूबाई, रोज संध्याकाळी पेटीपुढं भाकरीचा तुकडा ठेवायच्या आणि मगच ऐकायच्या. एक दिवस टीव्हीला पेटी सापडेनाशी झाली. रामेश्वरनं वायर बदलली, राउटर बंद करून चालू केला. काही उपयोग नाही. मग राजकुमार आला. छावणीत त्याचं कॅमेऱ्याचं दुकान आहे. आमच्या पाळण्यावरचा कॅमेरा त्यानं गाणं बंद पडायच्या आदल्याच दिवशी बसवला होता. हे मशीनचं काम नाय म्हणाला, आमच्या महाराजांना बोलवा.

महाराजांच्या बडबडीवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तोंडात तंबाखू, दाढीला अत्तर, आणि म्हणे आत्मा लहरींमध्ये अडकलाय, पासवर्ड फक्त गुरूला ठाऊक. पितर लाजाळू असतात म्हणून बैठकीला बसण्याआधी घरातले आरसे झाकायचे आणि कॅमेऱ्याचा प्लग काढायचा. सगळे मुकाट्यानं करायचे. रामेश्वरसुद्धा, जो बिडकीनकडच्या कंपनीत दिवसभर मशीनच दुरुस्त करतो.

एवढं मी चालवून घेतलं. पण त्या दिवशी महाराजांनी आपला तंबाखूनं माखलेला अंगठा माझ्या प्रांजलीच्या पोटावर ठेवला.

"हीच अडवतीय म्हाताऱ्याला. तो गेला त्याच महिन्यात आली ना? अमावास्येला बेंबीभोवती बिब्ब्याचे चटके द्या. मोकळा बोलंल."

माझं लेकरू अजून नीट बसतही नाही. मी रामेश्वरकडं पाहिलं, त्यानं मान खाली घातली. आत्या म्हणाल्या, "आमच्यात देत्यात गं. यालाबी दिलं व्हतं." रामेश्वरच्या पोटावरचे ते काळे डाग मी लग्नापासून पाहत आलेय.

मी भाकरी थापतानाही मोबाईलवर पाळणा बघत असते. घरचे हसतात, हसू द्या. त्या बघण्यामुळंच एक गोष्ट डोक्यात टोचत होती. सासरे गात असले की पाळण्याचं चित्र काळं असतं. महाराज गेल्यावर मी प्लग लावते, चित्र परत येतं आणि गाणं जातं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना मी प्लग काढला. थोड्या वेळानं पेटी सापडली आणि सासरे गायला लागले. ना महाराज, ना मंत्र. प्लग लावला, गाणं बंद. मग कॅमेऱ्याची सेटिंग उघडली. वायफायवरच्या प्रत्येक यंत्राला आपला एक नंबर असतो, घरनंबरासारखा. कॅमेऱ्याला पेटीचाच नंबर दिलेला होता. एकाच नंबराची दोन घरं झाली, म्हणून टीव्ही हाक मारायचा पेटीला आणि ती पोचायची कॅमेऱ्याला.

अमावास्येला शेगडीत निखारे फुलले होते, शेजारी सुईला टोचलेला बिब्बा. बाया पुन्हा जमल्या होत्या. महाराज दारात आले, मागं राजकुमार.

"महाराज, तिथंच थांबा. बसूही नका," मी म्हणाले आणि कॅमेऱ्याचा प्लग काढला. सासरे गाऊ लागले. प्लग लावला, गाणं गेलं. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

"राजकुमार, पेटीचा नंबर कॅमेऱ्याला कुणी दिला?"

"चुकून झालं आसंल, वहिनी."

"चुकून झालं, तर नेमका तोच प्लग काढायचा हे महाराजांना कुणी सांगितलं?"

राजकुमारनं महाराजांकडं पाहिलं. महाराज पुटपुटले की नास्तिक बाईच्या घरात पितर पाणी पीत नाहीत. मी मोबाईलवर कॅमेऱ्याचा नंबर बदलला. पाळणाही दिसू लागला आणि ओव्याही चालू झाल्या, दोन्ही एकदम. शेजारच्या गोजरबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"पितर कशाला लाजत्याल? लाज तर तुमाला वाटाया पायजे."

महाराज निघाले, मागोमाग राजकुमार. आत्यांनी मात्र गाण्याकडं लक्षच दिलं नाही. त्या शेगडीकडं बघत होत्या. मग तांब्याभर पाणी त्यांनी निखाऱ्यांवर ओतलं आणि रामेश्वरला म्हणाल्या, "तुला दिलं तवाबी आसंच कुणीतरी सांगितलं व्हतं रं. म्या धरलं व्हतं तुला."

रामेश्वरनं प्रांजलीला उचलून छातीशी धरलं. मला त्याचा राग अजून गेलेला नाही.

यंत्र बंद पडलं तर वायर बघा, नंबर बघा, एकेक वस्तू बंद करून बघा. लेकरू आजारी असलं तर डॉक्टरकडं न्या. पण कुणी तुमच्या लेकराला भाजायला सांगत असेल, तर त्यानं मेलेला माणूस बोलवून दाखवला तरी त्याला घराबाहेर काढा. आणि घरचेच म्हणाले की आमच्यात देतात, तर त्यांना तिथंच विचारा, कशासाठी? उत्तर काहीही मिळो, लेकरू त्यांच्या हाती देऊ नका.