कुणी तिला पाहिलं का

शनिवारी दुपारी हर्षिता केस पुसत बाहेर आली, तर आई तयार होऊन सोफ्यावर बसलेली. अंगावर पांढरीशुभ्र साडी, मांडीवर पिशवी, पिशवीत मेणबत्त्यांचा पुडा.

“अगं आई, हे काय? नाटकाला चाललोय आपण.”

“तूच म्हणालीस ना, मेलेल्या बाईचं आहे म्हणून?”

“मेलेल्या बाईचं नाटक आहे. विहारात शोकाला बसायचं पुण्यानुमोदन नाहीये.”

“मग तिचं पुण्यानुमोदन कुणी केलं?”

बस सुटायला आली होती. हर्षितानं मेणबत्त्या तेवढ्या काढून ठेवल्या. साडी राहिली.

चूक हर्षिताचीच होती. नाटक डेनीसनं लिहिलेलं. डेनीस तिची रूममेट, अलाबामाची कृष्णवर्णीय मुलगी, हर्षिताच्याच अमेरिकन कॉलेजात नाट्यलेखन शिकत होती. पण त्या नाटकाला धड गोष्टच नव्हती. तीन कृष्णवर्णीय बायका स्वयंपाकघरात मेलेल्या चौथीची वाट बघत चहा करतात. चौथीच्या रिकाम्या कपात साखर घालत राहतात. कप भरतो, सांडतो, टेबलावर साखरेचा ढीग होतो. मधूनच फोन वाजतो. पलीकडून एक पुरुष विचारतो, “सगळं ठीक?” तिघी एका सुरात म्हणतात, “एकदम ठीक!” मग सगळ्यांत धाकटी प्रेक्षकांकडे वळते आणि विचारते, “तुमच्यापैकी कुणी तिला पाहिलं का?” मिनिटभर शांतता. कुणी बोलत नाही, म्हणून नाटक पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा. तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या, इंग्रजीशी तोंडओळखसुद्धा नसलेल्या आईला हे सांगायचं तरी कसं? हर्षितानं चार शब्दांत उरकलं, आणि आई त्या चार शब्दांवरून पांढरी साडी नेसली.

पहिल्या प्रयोगावर गावातल्या पेपरानं लिहिलं होतं, ‘अभिनय छान, पण चौथी बाई कोण, मेली कशी, हे लेखिकेलाच ठाऊक नसावं.’ त्या दिवशी डेनीस जेवली नव्हती. आज फिलाडेल्फियाच्या वृत्तपत्राची समीक्षक येणार होती. तिच्या शब्दावर नाटक मोठ्या शहरात जाणार की या कॉलेजच्या गावातच मिटणार, ते ठरायचं होतं.

थिएटरात दोन रांगा मागं वसुधाकाकू दिसल्या. तीस वर्षं इथल्या महाराष्ट्र मंडळाचं ओझं त्यांच्याच खांद्यावर. माणूस प्रेमळ. नव्या पोरांना रिकाम्या हातानं कधी पाठवायच्या नाहीत, डबा द्यायच्या. पण डब्याबरोबर प्रश्नही असायचा. “पुण्याची ना तू? पुण्यात कुठे गं?” हर्षिता दर वेळी विषय बदलायची. येरवड्याची वस्ती, आईचं माहेर, वडिलांनी बदललेलं आडनाव, एकेक धागा ओढत नेला की माणसाचा आवाज कसा गार पडतो, हे तिनं मुंबईत नोकरीच्या वर्षी पुरेपूर पाहिलं होतं. सातासमुद्रापार तरी ते नको.

नाटक सुरू झालं. फोन वाजला की लोक खदखदून हसत. साखर सांडली, टाळ्या पडल्या. हर्षिताही हसली. शेजारी तिची आई, रत्नाबाई, हसल्या नाहीत. पुढच्या रांगेत चर्चच्या झोकदार टोप्या घालून आलेल्या चार वयस्क कृष्णवर्णीय बायका होत्या, त्याही हसल्या नाहीत. त्या नुसत्या “हं… हं…” करत होत्या, जात्याची वरची पाळी फिरावी तशा, एका लयीत.

“काय विचारते गं ती?”

“तिला कुणी पाहिलं का, असं.”

“मग सांगत का नाही कुणी?”

“सांगायचं नसतं आई. नाटक आहे.”

दुसऱ्या खेपेला लोक कमी हसले. कुणी घड्याळ बघितलं, दोघंतिघं उठून गेले. तिसऱ्या खेपेला धाकटी पुढं आली. तिच्या हातातून साखर गळत होती. तिनं विचारलं, आणि त्या मिनिटभराच्या पोकळीत हर्षिताच्या शेजारून एक सूर उठला. बारीक, ताणलेला, पहाटेच्या जात्यावरचा.

“विचारलं गं कुणी तरी, माझी गया पाहिली का,
पाटलाच्या उसामंदी तिची वहाण राहिली का…”

रत्नाबाई उभ्या होत्या. रंगमंचावरच्या तिघी जागच्या जागी थिजल्या.

“पाहिली गं पाहिली मी, कालव्यात केस मोकळे,
साऱ्या गावानं पाहिली, साऱ्या गावाचे मिटले डोळे…”

हर्षितानं पदर धरला आणि खस्सकन ओढला. “आई, खाली बस. खाली बस म्हणते ना!”

त्या बसल्या. दिवे गेले. अंधारात पुढच्या रांगेतून एक टोपी वळली, एक सुरकुतलेला हात मागं आला आणि रत्नाबाईंच्या गुडघ्यावर टेकून राहिला.

नाटकानंतर चर्चा होती. लोक उत्साहानं अर्थ लावत होते. एका प्राध्यापकांना साखरेत गुलामगिरी दिसली, एका डॉक्टरांना मधुमेह. एक तरुण म्हणाला, “चौथी बाई म्हणजे मुळात कुणीच नाही. तीच तर गंमत आहे.” डेनीस ओठ घट्ट मिटून ऐकत होती. मग ती फिलाडेल्फियाची समीक्षक, आखूड पांढऱ्या केसांची बाई, हर्षिताकडे वळली. “तुमच्या आईनं काय म्हटलं? सांगाल?”

सगळे वळून बघायला लागले. मागं वसुधाकाकू उभ्या होत्या. त्या लोकांत एकट्या त्यांनाच शब्दन्‌शब्द कळला होता.

“प्रार्थना आहे,” हर्षिता म्हणाली. “शांतीसाठी.”

लोकांनी माना डोलावल्या. रत्नाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण शांतीला ‘पीस’ म्हणतात एवढं विहारात ऐकलं होतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. रागानं नव्हे. गर्दीत हात सुटलेल्या माणसाकडे पाहावं, तसं.

हर्षितानं मागं वळून बघितलं. वसुधाकाकू निघून गेल्या होत्या. न बोलता, न भेटता. ‘झालं,’ तिच्या मनात आलं. ‘कळलं त्यांना, आपण कोण ते.’

त्या दिवसापासून घरातला सूर गेला. भाकरी थापताना रत्नाबाई सदा काही ना काही गुणगुणत, ते थांबलं. आणि घरातनं गेलेला सूर हर्षिताच्या मागं लागला. प्रयोगशाळेत माती चाळायचं यंत्र घरघरायला लागलं की त्यातून ऐकू यायचं, पाहिली का, पाहिली का. बसमध्ये पुढच्या सीटवर कुणाचे मोकळे केस दिसले की तिला ओले वाटायचे. गाण्यातल्या गयाचा, तिच्या मावशीचा, फोटोदेखील घरात नव्हता. कशी दिसायची ती, हे हर्षिताला ठाऊक नव्हतं. म्हणून ती कुणासारखीही दिसायला लागली.

मंगळवारी डेनीस धावतच आली. “आलं! आलं परीक्षण!”

समीक्षकेनं नाटक डोक्यावर घेतलं होतं. ‘प्रेक्षकांत पेरलेली शुभ्रवस्त्रा वृद्धा आणि तिची शांतिप्रार्थना ही लेखिकेची सगळ्यांत धाडसी कल्पना.’ त्यामागोमाग फिलाडेल्फियातल्या एका थिएटरचा मेल. नाटक करायचं आहे. वृद्धेसकट.

“पेरलेली म्हणे!” डेनीस हसत होती, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं. “हर्षिता, खरं सांग. ती प्रार्थना नव्हती ना? त्या चर्चच्या आज्या मला म्हणाल्या, पोरी, प्रार्थना आम्हाला कळते. ते रडणं होतं.”

रत्नाबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. हर्षिता उठली, आईजवळ गेली.

“आई, परत म्हणशील? मी तिला नीट सांगते या वेळी.”

“कशाला? शांती मिळाली ना सगळ्यांना?”

हर्षितानं तो टोला गिळला. “म्हण ना गं.”

रत्नाबाईंनी वाहता नळ बंद केला. एक ओळ त्या म्हणत, एक हर्षिता सांगे. गया, थोरली बहीण, सोळा वर्षांची. पाटलाच्या उसात खुरपायला गेली, परत आली नाही. तिसऱ्या दिवशी कालव्याच्या दारापाशी केस दिसले. पोलिसपाटील म्हणाला, पाय घसरला. रत्नाबाईंना आईनं जवळ जाऊ दिलं नाही, आणि प्रेत घरी आलंच नाही, परस्पर उरकलं. आई मरेपर्यंत म्हणत होती, दुसरीच कुणाची पोर असेल ती. माझी गया येईल.

डेनीसनं फोन पालथा ठेवला. “मी थिएटरवाल्यांना कळवते,” ती म्हणाली. “ती बाई माझ्या नाटकात नव्हती. प्रेक्षकांत होती. तिच्यासकट हवं असेल तर नकोच.”

“अगं, तुझं नाटक…”

“माझ्या आजीलाही एक बहीण होती,” डेनीस एवढंच म्हणाली आणि रत्नाबाईंजवळ जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

तेवढ्यात हर्षिताचा फोन वाजला. वसुधाकाकू. आत्ता नको, असं वाटलं. पण घेतला.

“हर्षिता, तुझ्या आईचं माहेर कुठलं गं?”

आवाज गारच होता. हर्षितानं डोळे मिटून घेतले, मग उघडले.

“कोळबर्डी. तालुक्याच्या रस्त्याला महारवाडा होता, तिथलं. गया माझी मावशी, काकू. तिला मारून कालव्यात टाकलं. आणि आम्ही पुण्यात येरवड्याला राहतो. अजून काही विचारायचंय?”

हर्षितानं स्क्रीनकडे बघितलं. फोन चालूच होता.

“कालवा आमच्या माहेरच्या मळ्यावरनं जायचा,” काकूंचा आवाज आला. तो गार नव्हता, कापत होता. “मी नऊ वर्षांची होते. आईबरोबर बैलगाडीत होते. आई म्हणाली, बघू नकोस, आणि माझ्या डोळ्यांवर हात ठेवला. पण उशीर झाला होता गं तिला. मी बघितलं होतं. आजवर कुणाला बोलले नाही. यांनासुद्धा नाही.” मग, फार हळू, “आई आहेत का जवळ?”

हर्षितानं फोन आईच्या हातात दिला. रत्नाबाईंनी ओला हात पदराला पुसला, फोन कानाला लावला. पलीकडचं रडणं खोलीत ऐकू येत होतं. त्यांनी ते पुरतं होऊ दिलं.

“रड बाई. लहान होतीस तू,” त्या म्हणाल्या. “पण मला एक सांग. मला जवळ जाऊ दिलं नव्हतं. रंग कोणता होता लुगड्याचा?”

काकूंनी सांगितलं.

रत्नाबाईंनी ओट्याची कड धरली. डेनीसनं त्यांना मागून सावरलं.

“काठ?” त्यांनी विचारलं.

काकूंनी तेही सांगितलं.

“हां,” रत्नाबाई म्हणाल्या. “मग तीच.”