ऐंशी बिल्ले

माझ्या तोंडी लागायला आमच्या वस्तीत कोणी धजत नाही, आणि ते बरंच आहे. गार खोलीच्या दारावर गोडबोल्या बाईचं काम नाही. माणसं चार हजार, खोली एक, आणि तिच्यात जागा ऐंशी जणांची. मी गोड बोलत बसले असते तर पहिल्याच दिवशी लोकांनी दार बिजागऱ्यांसकट उचलून नेलं असतं.

खोली म्हणजे जुन्या ग्रंथालयाचं तळघर. पुस्तकं कधीच गेली, आता नुसते बाक. अकरा ते पाच तिथे गारव्याचं यंत्र चालतं, कारण तेवढ्या वेळात बाहेर माणसाने राहावं असं काही उरलेलं नाही. समुद्राकाठची गावं पाण्याखाली गेली तशी तिकडची माणसंही आमच्याच इमारतींत आली. एकेका खोलीत नऊ-नऊ, दहा-दहा जण. पंखा लावला तर तो गरम हवाच ढवळतो. वीज मोजून मिळते, म्हणून वीज कचेरीने तळघराच्या छताला एक डोळा बसवलाय. तो सारखी डोकी मोजत असतो. ऐंशीपर्यंत हिरवा दिवा. एक डोकं वाढलं की लाल, आणि पाच मिनिटांत ते कमी झालं नाही तर यंत्र बंद. ते मग दुसऱ्या दिवशीच सुरू होणार.

म्हणून पत्र्याचे ऐंशी बिल्ले केले. सकाळी घरांच्या पाळीप्रमाणे मी ते वाटते, ज्याने त्याने गळ्यात घालायचे, पाचला परत खिळ्यांवर. दारं दोन आहेत. बाहेरचं लोखंडी, पायऱ्यांवर उघडणारं, आणि आतलं काचेचं. दोन्हींच्या मधे एक स्टूल मावेल एवढी जागा, तिथे मी. आतल्याइतकं गार नाही, पण बाहेरच्यासारखं भाजतही नाही. बिल्ल्यांची फळी, पाण्याचं पिंप, किल्ली, सगळं माझ्या ताब्यात. लोखंडी दार एकदा लावलं की पाचलाच उघडायचं, मधे उघडलं की आतला गारवा पळतो. कोणाला बाहेर काढायचं असेल तेवढाच अपवाद. हा नियम कचेरीचा नाही, माझा आहे. मांडीवरचं मूलही एक धरायचं, हाही माझाच. एकदा एक सासू पोटुशी सुनेसाठी दोन बिल्ले मागायला लागली, म्हणे तिला पाय पसरायला जागा लागते. म्हटलं, आतलं बाहेर येऊन रडलं की या, तोवर एकच. रांगेत हशा पिकला. ती सासूही हसली.

यंदा पहिल्यांदाच ऐंशीच्या ऐंशी बिल्ले रोज जायला लागले, आणि यंदाच ते लाल दिव्याचं झेंगट मागे लागलं. तीन वाजता मी बादलीत पाणी घेऊन आत जाते, प्रत्येकाला एक पेला. पहिली रांग होते न होते, संडासात गेलेले पाण्यासाठी परत येतात, तोच दिवा लाल. आता सांगा, माणसाला काय वाटेल? मागच्या बाजूला संडास आहे. तिथवर डोळ्याची नजर पोचत नाही आणि वर झरोका आहे. कोणीतरी झरोक्यातून शिरतं, दडून बसतं आणि पाणी आलं की बाहेर येतं, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं. झरोक्याला जाळी ठोकली, तरी लाल. पाच मिनिटांत ऐंशी गळे तपासून होत नाहीत. मग ज्याच्यावर संशय त्याला बाहेर. तो पायऱ्यांवर गेला की दिवा हिरवा. झालं, म्हणजे चोर तोच! पायऱ्यांवर काढलेली माणसं तरणीताठी होती, मला शिव्या देत पाचपर्यंत कशीबशी तग धरायची. मी ते मनावर घेतलं नाही.

नऊ दिवसांपूर्वी शिंपीकाकांना काढलं. सत्तरी ओलांडलेले, आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मशीन चालवायचे. वयामुळे दर अर्ध्या तासाला संडासात. दिवा लाल झाला आणि नेमके ते तिकडून आले, गळ्यात बिल्ला नाही. होता म्हणाले, कुठे ठेवला ते आठवेना. मी म्हटलं, काका, वयाचा मान आहे, पण नियम तो नियम. त्यांनी वाद घातला नाही. काचेच्या दारापाशी थांबून हळूच म्हणाले, "बाई, मोजताना तुम्ही स्वतःला मोजता का?"

मला ते झोंबलं. भर खोलीत मला शहाणपण शिकवतात म्हणजे काय! मी कुठे खोलीत बसते, मी दारात बसते, असं सुनावलं आणि त्यांच्यामागे लोखंडी दार लावलं. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यांच्या रांगेला पाणी मिळायचं राहिलं होतं, तेही तसंच राहिलं. पाचला दार उघडलं तेव्हा ते भिंतीला डोकं टेकून बसले होते. डोळे उघडे होते, पण बोलत नव्हते. दोन दिवसांनी गेले.

त्यांचा बिल्ला त्या दिवशी संडासातल्या नळाला लटकलेला मिळाला. म्हणजे बिल्ले ऐंशीच, माणसंही ऐंशीच. मग जास्तीचं कोण होतं? हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पडला, आणि मी तो बिल्ल्यासारखा खिळ्यावर अडकवून ठेवला.

आज माझ्यावरच वेळ आली. माझी लेक बाळंत होऊन अकरा दिवस झालेत. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर तापलेला स्लॅब. कालपासून नात अंगावर पीत नाही, लंगोट कोरडा, अंग तव्यासारखं. नर्सबाई सकाळी बघून गेली आणि स्पष्टच म्हणाली की दुपारभर हिला गारव्यात ठेवलं नाही तर पोर हातची जाईल. लेकीची आज पाळी होती. बिल्ला एक, जीव दोन. बाकीचे एकोणऐंशी ज्यांचे त्यांना वाटून झालेले. लेक म्हणाली, हिला आत घे, मी बाहेर थांबते. अगं पण तिला पाजायचं कोणी, मी?

मग जे मी जन्मात कोणाला करू दिलं नसतं ते केलं. लेकीच्या पातळ ओढणीखाली नात छातीशी घट्ट झाकली. डोळ्याला डोकं दिसलं नाही तर ते मोजलं जाणार नाही. लेकीला सांगितलं, मागच्या बाकावर बस आणि काहीही झालं तरी ओढणी सरकू देऊ नकोस. मग मीच तिच्या गळ्यात बिल्ला घातला.

तिच्यामागे रांगेत तिसऱ्या होत्या शिंपीणकाकू. काका गेल्यानंतरची त्यांची पहिलीच पाळी. त्यांनी ओढणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बिल्ला घेतला आणि आत गेल्या. बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तीनपर्यंत मी स्टुलावर बसून काचेतून लेकीकडे बघत होते. दिवा हिरवा होता. दारं बंद, ती आत, मी मधे, आणि पाच वाजेपर्यंत कोणालाच कुठे हलता येत नाही. मी या दाराची मालकीण आहे असं मला आजवर वाटायचं. आज पहिल्यांदा वाटलं, मीच इथे कोंडलेली आहे.

तीनला बादली घेऊन आत गेले. दुसरी रांग चालू होती, संडासात गेलेलं कोणीतरी परत येऊन बसलं आणि दिवा लाल झाला.

नातीचं डोकं दिसलं, दुसरं काय! सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. लेकीने ओढणी आणखी आवळली, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. कोणाला काढू? हिला काढलं तर नात जाते. दुसऱ्या कोणाला काढलं तर तो हकनाक जातो, आणि आज ते मला धडधडीत माहीत होतं. मी पेला हातात धरून खांबासारखी उभी राहिले.

शिंपीणकाकू बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "बाई, तुम्ही जरा दाराबाहेर जाऊन बघा."

मी गेले. काचेतून वर पाहिलं. दिवा हिरवा.

परत आत आले. चार श्वास झाले असतील, लाल. पुन्हा बाहेर, हिरवा. तिसऱ्यांदा आत पाऊल टाकायची माझी हिंमत झाली नाही. इतके दिवस मी बादली घेऊन आत शिरायचे, एक्याऐंशीवं डोकं घेऊन, आणि ते डोकं शोधत बाकाबाकांमधून फिरायचे. मग एकाला बाहेर काढून दिवा हिरवा झाला की स्वतःचीच पाठ थोपटायचे.

दार अर्धं उघडून मी काकूंना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"घरी आणल्यावर यांनी जेमतेम एवढंच सांगितलं होतं. इथल्या पुष्कळांना माहीत आहे."

"मग कोणी बोललं का नाही?"

"बिल्ले तुमच्या हातात आहेत, बाई."

त्या रागाने बोलल्या असत्या तर मी उलट बोलले असते. त्या रागाने बोलल्या नाहीत. बाकांवरची माणसं आपापल्या पायांकडे बघत होती. मी नेहमी म्हणायचे, माझ्यासमोर कोणाची ब्र काढायची छाती नाही. खरंच होतं ते.

तेवढ्यात नात रडली. ओढणीखाली तिचा जीव घुसमटला असणार. लेकीने घाईने ओढणी बाजूला केली, इवलंसं लाल तोंड बाहेर आलं, आणि छताचा दिवाही लाल झाला. या वेळी मी दाराबाहेर होते. या वेळी डोळा बरोबर होता, एक डोकं खरंच जास्त होतं. बाहेर येऊन रडलं की एक. माझाच नियम, मीच हसत हसत सांगितलेला.

लेक उठायला लागली. काकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. स्वतःच्या गळ्यातला बिल्ला काढला, दोरीला गाठ मारून लहान केली आणि नातीच्या अंगावर ठेवला. "हिला एक धरा आता," म्हणाल्या आणि दाराकडे चालत आल्या. त्या लोखंडी दाराकडेच निघाल्या होत्या. मी हात आडवा धरला.

"तुम्ही इथे बसा. स्टुलावर. मी जाते."

आत दिवा हिरवा झाला होता आणि नातीला लेकीने छातीशी लावलं होतं. पीत होती की नाही, तिथून दिसत नव्हतं. मी किल्ली काकूंच्या हातात दिली. काहीतरी बोलायला हवं होतं. शेवटी तोंडातून आलं ते एवढंच, की काकू, माझ्याकडून पाप झालं.

त्यांनी विचारलं, "दार कधी उघडायचं?"

नियम माझा होता. "पाचला," मी म्हटलं.

लोखंडी दार उघडलं तशी उष्णता तोंडावर आपटली. डोळे आपोआप मिटले. मी बाहेर पाऊल टाकणार तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं. पिंपाच्या नळाखाली पेला धरला, काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला. मग दार लावलं.

तिसऱ्या पायरीवर, भिंतीला टेकून मी बसले. तेवढीच एक हातभर सावली आहे. सगळ्या खिडक्या बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दगडाचा चटका साडीतून लागत होता. आतून नातीचं रडू ऐकू येतंय का म्हणून लोखंडी दाराला कान लावला, तर कान भाजला. दारावरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. मी पेला दोन्ही हातांत धरून बसले आणि बराच वेळ मला त्यातलं पाणी पिता आलं नाही.