साहेबांच्या मागं लागलेली म्हैस

मी आता जे सांगणार आहे, त्यावर विश्वास ठेवणारा माणूस कोल्हापुरात अजून जन्माला यायचाय, आणि जन्मला तरी त्याला आम्ही शहाणा म्हणणार नाही. तरी सांगतो. आईशप्पथ खरं आहे.

परवा सकाळी पंचगंगेच्या घाटावर बसून हेच म्हणालो, तर सायकल दुकानवाला मौला दात कोरत म्हणाला, “बाळासोमामा, सुरवातीलाच शप्पथ घेतलासा म्हंजे मुद्दलातच गडबड हाय.”

खालच्या पायरीवर रत्नाबाई धुणं बडवत होती. ती वर न बघता म्हणाली, “आन् नाकावर टावेल कशाला धरलाय?”

“पडसं झालंय,” मी म्हणालो. “कालपास्नं नाक चोंदलंय, कसलाच वास येत न्हाई. ऐकायचं तर ऐका, न्हाईतर मी चाललो.”

मौला दात कोरत राहिला, रत्नाबाई धुणं बडवत राहिली. मी जात नसतो हे त्यांना ठाऊक होतं.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. तेव्हा माझ्याकडं कस्तुरी नावाची म्हैस होती. संध्याकाळी तिला मंगळवार पेठेतल्या चौकात उभी केली की तालमीतले पैलवान पेले घेऊन रांग लावायचे. कासेखाली पेला धरायचा, फेसासकट तिथंच रिकामा करायचा, मिशी पुसायची आणि पुढं व्हायचं. दूध असं ताकदीचं, की एक पैलवान पिऊन घरी गेला आणि दार उघडायला गेला तर चौकटीसकट हातात आलं.

“वाळवी लागली असंल त्येला,” मौला म्हणाला.

“पैलवानाला?”

“दाराला हो!”

पण गावाचं गटार नदीला मिळायचं ते नेमकं कस्तुरीच्या डुंबायच्या जागी. म्हैस माझी हट्टी. डुंबल्याशिवाय पान्हा सोडायची नाही आणि जागा काही केल्या बदलायची नाही. शिंगांपर्यंत काळी होऊन बाहेर आली की तिच्याआधी तिचा वास चौकात पोचायचा. चार बादल्या ओतल्या तरी हटायचा नाही. पैलवान लांबूनच रामराम करून वळायला लागले. महिनाभरात रांगेत एकच म्हातारा उरला. त्याला वासही येत नव्हता आणि डोळ्यांनीही दिसत नव्हतं, तो येऊन मलाच हाताने चाचपायचा आणि म्हणायचा, “म्हस वाळली रं.”

शेवटी घरात ठरलं, की दिवाळी झाली की कस्तुरीला राधानगरीच्या पावण्यांकडं पोचवायची. मी आठ दिवस जेवलो नाही. घरी.

मग पेठेनं मोहीम उघडली. पुढारी अक्काताई. जैनाची बाई, दिवस मावळायच्या आत जेवणारी आणि दिवस उगवायच्या आधीपासून भांडणारी. तिनं दारोदार हिंडून सह्या घेतल्या, अंगठे घेतले, एका घरात बाप्या सही देईना तर त्याच्या सासूचा अंगठा घेतला. सतरा अर्ज गेले. सतरांनाही उत्तर एकच: चौकशी चालू आहे. अठरावा अर्ज घेऊन आम्ही गटारांचा कारभार बघणाऱ्या साहेबांच्या टेबलापुढं जाऊन उभे राहिलो. साहेब बाहेरगावचे, आतून-बाहेरून इस्त्री केलेले.

“पाणी तपासलंय,” साहेब म्हणाले. “पाणी ठीक आहे. तुमची तक्रार वासाची आहे, आणि वास आमच्या खात्यात येत नाही.”

“खात्यात येत न्हाई, पर नाकात येतोय त्येचं काय?” अक्काताई म्हणाली.

साहेबांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं. आम्ही बाहेर.

आता माझी चूक सांगतो. दूध खपेना म्हणून मी माझी मोटरसायकल विकून टाकली. विकताना एक गोष्ट डोक्यातनंच गेली. दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं शिंगं रंगवून, मोरपिसं बांधून म्हशी गाडीमागं पळवतात. त्यासाठी म्हशीला वर्षभर एकाच गाडीचा आवाज शिकवावा लागतो. गाडी फटफटली की म्हैस मागं. वर कोण बसलंय हे म्हैस बघत नाही. गाडी विकल्याचं मी सगळ्या पेठेला सांगितलं, कस्तुरीला सांगायचं राहिलं.

आणि गाडी घेतली होती साहेबांनी!

सोमवारी सकाळी साहेब घाटाच्या रस्त्यानं कचेरीला निघाले. कस्तुरी गटाराच्या तोंडाशी नाकापर्यंत बुडालेली. फट्-फट् ऐकलं मात्र, जी उठली ती काळं पाणी गाळत साहेबांच्या मागं! साहेबांनी वळून बघितलं आणि गाडी जोरात सोडली. म्हशीला वाटलं, पाडवा आला. कचेरीच्या पायऱ्या ती साहेबांच्या आधी चढली. टेबलाजवळ उभी राहिली आणि ओल्या म्हशीनं करायचं तेच केलं. अंग झाडलं. भिंत, पंखा, शिपाई, आमचे अठरा अर्ज, सगळं एका रंगाचं.

“मग साएब चालत का जाईनात?” मौलानं विचारलं.

“साएब कवा चालतोय व्हय?”

रोज तेच. बुधवारपर्यंत पेठेतल्या बाकीच्या म्हशी कस्तुरीच्या मागं लागल्या. पुढं साहेब, मागं चाळीस म्हशी. रविवारी साहेब उचगावला सासुरवाडीला गेले. तिथं मेव्हणीला बघायला पावणे आलेले. चाळीस म्हशींनी अंगणात एकदम अंग झाडलं. पोरीला नापसंत करायचं आधीच ठरवून आलेला नवरामुलगा अंघोळीला म्हणून गेला तो दोन दिवस न्हाणीतनं बाहेर येईना. मग लग्न तिथंच लावावं लागलं.

“न्हाणीत?” रत्नाबाईचा हात थांबला.

“दारात. अक्षता आत टाकल्या.”

बुधवारी पहाटे साहेब माझ्या दारात. इस्त्री गेलेली, डोळे खोल.

“बाळासो, म्हैस आवरा.”

“साएब, चौकशी चालू हाय.”

“अहो, वास मारतोय सगळीकडे! घरात, उशीला, बायको माहेरी गेली!”

“वास आमच्या खात्यात येत न्हाई, साएब.”

साहेब पायरीवर मटकन बसले. अक्काताई समोरूनच बघत होती. तिनं कचेरीनं परत धाडलेला अठरावा अर्ज पुढं केला, तोच, डागांसकट. साहेबांनी तिथंच सही ठोकली. आठ दिवसांत माणसं लागली, नळ पडले, गटार गावाबाहेर वळलं. कस्तुरीनं तळाचा खडा न् खडा दिसणाऱ्या पाण्यात बुडी मारली आणि संध्याकाळी चौकात रांग थेट तालमीपर्यंत. म्हैस न्यायला आलेल्या राधानगरीच्या पावण्यांना परत धाडलं. जाताना ते आपलं धरणातलं पाणी सोडून हितलं घागरभर घेऊन गेले.

“त्या दिसापास्नं,” मी घाटावर हात फिरवून म्हणालो, “गटाराचा एक थेंब ह्या नदीत पडल्याला न्हाई. आत्ता बी बघा की. वारं सुटलंय, कसा वाळ्यासारखा गार वास येतोय!”

रत्नाबाईनं पिळलेलं लुगडं दगडावर आपटलं आणि अख्ख्या घाटाला ऐकू जाईल असं ओरडली, “ओ बाळासोमामा! मगा तर नाक चोंदलंय म्हणालासा, आन् आता वाळ्याचा वास येतोय व्हय? काढा त्यो टावेल, आन् घ्या की एकदा नाक भरून!”