किल्ली टांगण्याआधी

मी घरगाडी बोलतेय. रस्त्यावरच्या गाड्या मला घर समजून वळसा घालतात आणि गावातली घरं मला गाडी समजून शेजारी उभी राहू देत नाहीत. पोटात पलंग, शेगडी, न्हाणीघर, पुढे इंजिन आणि खाली चाकं, असा माझा देह. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात. माझ्या बाबतीत बिऱ्हाड रस्त्याने धावतं आणि विंचू त्याच्या पोटात बसून कॉफी पितो.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यातला. माझी कपाटं ज्याने बसवली तो दाढीवाला आमिश माणूस होता. त्या लोकांच्या धर्मात मोटार बाळगणं बसत नाही. दिवसभर गाड्या बांधायच्या आणि संध्याकाळी सायकलवर टांग मारून घरी जायचं, असा त्याचा शिरस्ता. कपाटाचं दार न कुरकुरता मिटलं तेव्हा त्याने स्वतःशीच मान हलवली. मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

पहिला मालक ओहायोतला दातांचा डॉक्टर. त्याने मोठ्या हौसेने मला घेतलं, एकदा तळ्याकाठी नेलं, डास चावले म्हणून परत आणलं आणि मेहुण्याच्या गोठ्यात उभं केलं. तिथे उंदरांनी माझ्या गादीत संसार थाटला. मी त्यांना नावं ठेवणार नाही. ते निदान रोज घरी यायचे.

गोठ्यातून मला बाहेर काढलं ते आर्लन आणि मार्लिस टॉफ्टे यांनी. दोघं मिनेसोटाची. आर्लनने जन्मभर दुधाचा टँकर चालवला आणि मार्लिसने शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी घर विकलं आणि कायमची माझ्यात राहायला आली. त्यांची मुलगी ब्रिट माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "वेड लागलंय का तुम्हाला? मी तळघरात तुमच्यासाठी खोली करून ठेवलीय."

"तळघराची खिडकी नोव्हेंबरात बर्फाने बुजते ती एप्रिलात दिसते," मार्लिस म्हणाली. "ती बटाटे ठेवायची जागा आहे, बाई. आम्ही काही बटाटे नाही."

तेव्हापासून उत्तरेत पहिलं दव गोठलं की आम्ही दक्षिणेकडे निघायचो. आमच्यासारखे हजारो निघतात, त्यांना हिवाळी पाखरं म्हणतात. नाताळ टेक्सासच्या दक्षिण टोकाला, ग्रेपफ्रूटच्या बागांशेजारी. जानेवारीत ॲरिझोनाच्या वाळवंटात. उन्हाळा तापायला लागला की पुन्हा वर.

या पाखरांच्या रीती न्याऱ्या. पूर्वी तुम्ही काय होतात हे कोणी विचारत नाही. न्यायाधीश आणि गवंडी शेजारी-शेजारी बसून मैल्याच्या पाइपाला कोणतं तोंड चांगलं, यावर तासभर बोलतात. ओळख काढायची तर एकच प्रश्न, "आता पुढे कुठे?" म्हातारपणाने किंवा आजाराने ज्याची भटकंती संपते त्याच्याबद्दल म्हणतात, "त्याने किल्ली टांगली." हे वाक्य हळू आवाजात बोलायचं असतं. आणि तू आता किल्ली टांग, असं दुसऱ्याला कोणीही, कधीही सांगत नाही.

दुपारी चारला सगळे आपापल्या खुर्च्या बाहेर मांडून बसतात. त्या वेळी नवी घरगाडी आली की फुकटचा तमाशा. नवरा गाडी मागे घेतो आणि बायको मागे उभी राहून हातवारे करते. ती डावीकडे म्हणते, हा उजवीकडे नेतो. "माझं डावं की तुझं डावं?" यावरून लग्नाला चाळीस वर्षं झालेली माणसं एकमेकांचं घराणं काढतात. बघणाऱ्यांना एकच नियम, इंजिन बंद होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. त्यानंतर मात्र वाटेल ते बोलावं. गाडी मागे घेण्यात जो संसार टिकला तो टिकला, असं आमच्यात म्हणतात.

आर्लन आणि मार्लिसचा तमाशा कधी रंगला नाही. तो मला एका झटक्यात, लोण्यातून सुरी फिरवावी तशी जागेवर लावायचा. लोक निराश होऊन आपापल्या बिअरकडे वळायचे आणि आर्लन उगाचच चष्मा पुसायचा.

पुढे एक हिवाळा असा आला की मला काहीतरी वेगळं जाणवायला लागलं. निघण्याआधी माझ्याभोवती एक फेरी मारायची असते. पायरी आत घेतली का, अँटेना खाली आणली का, पाण्याची नळी सोडली का. नाहीतर पायरी बाहेर ठेवून निघणारे आणि नळीबरोबर पाण्याच्या नळाचा खांबच ओढून नेणारे महाभाग दर मोसमात निघतात. आर्लन ही फेरी आधी नजरेने मारायचा. आता तो हाताने मारू लागला. तळवा माझ्या अंगावरून फिरायचा, पायरीवर थांबायचा, कडीवर थांबायचा. तो बघत नव्हता, चाचपत होता.

त्याच सुमारास मार्लिसने हातवारे सोडले. "हात वर करून खांदा दुखतो माझा," ती म्हणाली. "मी गाडीच्या पाठीवर थाप मारत जाईन. एक थाप म्हणजे ये. दोन म्हणजे थांब."

"तुला सोयीचं पडेल तसं," आर्लन म्हणाला.

म्हणजे दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती आणि ती माझ्या अंगावर दोन हातांनी लिहिलेली होती. मला भीती वाटायची. हमरस्त्यावर शेजारून एखादी छोटी गाडी गेली की वाटायचं, ही त्याला दिसली का? गाडीला तोंड नसतं. असतं तर मी बोलले असते की नाही, हे आजही सांगता येत नाही, कारण तळघर मलाही नको होतं.

टेक्सासमध्ये शेजारी हॉलिस आणि नॅडिन उभे होते, कॅन्ससचे. हॉलिस गव्हाचा शेतकरी, तोंडाचा फाटका पण मनाचा मोठा. आम्ही तिथे पोचलो त्या दुपारी आभाळ सकाळपासून भरलेलं होतं. खुर्च्या मांडून सगळे बसले होते. मार्लिस माझ्या मागच्या कोपऱ्याशी थापा मारत होती. आर्लनने चाक फिरवलं, माझी पाठ जागेत शिरली आणि तोंड डावीकडे झुकलं. तिथे नॅडिनची खुर्ची होती. नॅडिन नुकतीच पाव आणायला आत गेली होती. खुर्ची माझ्याखाली मोडली, मग पाण्याच्या नळाचा खांब आडवा झाला आणि कारंजं उडालं.

इंजिन बंद झालं. आता बोलायची मुभा होती. कोणी बोललं नाही.

आर्लन खाली उतरला. त्याने मोडक्या खुर्चीला हात लावून पाहिला. "सूर्य डोळ्यांवर आला," तो म्हणाला.

हॉलिसने खुर्चीकडे पाहिलं, पाव घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बायकोकडे पाहिलं, मग भरलेल्या आभाळाकडे पाहिलं. "हो रे," तो म्हणाला, "इथला सूर्य वाईटच." आणि नळ बंद करायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्लिसने टेबलावर दोन कप कॉफी ठेवली. "कधीपासून?" तिने विचारलं.

"डावा डोळा गेल्या हिवाळ्यापासून. उजवाही आता कडेकडेने धूसर होतोय."

"मला ठाऊक होतं."

"मग तो खांदा?"

"माझ्या खांद्याला काय धाड भरलीय."

आर्लनने कप चाचपून जवळ ओढला. "बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू किल्ली टांगली असतीस. मग तळघर. मला मोह आवरला नाही, आर्लन. काल नॅडिन पावासाठी उठली नसती तर?"

आर्लनने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "टांग."

मार्लिसने ती उचलली आणि टांगायच्या खिळ्याकडे न नेता स्वतःच्या खिशात टाकली. "मी चालवते."

"तुला येत नाही."

"जन्मभर टँकर हाकलेल्या माणसाला निदान शिकवता तरी येत असेल."

गावाबाहेर जनावरांच्या बाजाराचं रिकामं मैदान होतं. तिथे ती शिकली. पहिल्या दिवशी तिने मला असं काही दचकवलं की कपाटातली सगळी भांडी खाली आली. आमिश माणसाचं दार मात्र तुटलं नाही. आर्लन शेजारी बसून सूचना देत होता. "हळू. आता सोड. अगं, सोड म्हणतो ना!"

"गप्प बस, नाहीतर उतर. चालत ये मागून."

पुढे वाळवंटात आमची जागा दोन गाड्यांच्या मध्ये निघाली. हॉलिस आणि नॅडिन आमच्या आधी पोचले होते. चार वाजले होते, खुर्च्या भरलेल्या होत्या. आर्लन मागे उतरला. मागचा नळाचा खांब किती लांब आहे ते त्याला दिसत नव्हतं, म्हणून त्याने आधी पावलांनी जागा मापून घेतली, मग माझ्या मागच्या कोपऱ्यावर तळवा टेकला आणि माझ्याबरोबर चालू लागला. एक थाप. एक थाप. एक थाप. मग दोन.

इंजिन बंद झालं.

"आर्लन," हॉलिस ओरडला, "तुझ्यापेक्षा सरळ लावली की रे हिने."

"आज तिच्या डोळ्यांवर सूर्य नव्हता ना," आर्लन म्हणाला.

आधी नॅडिन हसली. मग सगळेच हसले आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून मार्लिसही.

त्यानंतर बरेच हिवाळे तिने मला दक्षिणेला नेलं-आणलं. मग तिचे गुडघे गेले. आता मी टेक्सासच्या टोकाला, ग्रेपफ्रूटच्या झाडाखाली कायमची उभी आहे. चाकांवर उन्हासाठी कापडं चढवलीत, दाराशी लाकडी ओटा आहे. किल्ली खिळ्याला आहे. आठवड्यातून एकदा मार्लिस ती काढते, माझं इंजिन थोडा वेळ चालू ठेवते आणि पुन्हा टांगते. माझी तक्रार नाही. गोठ्यातल्या उभं राहण्यात आणि यात फरक आहे.

आर्लनला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तरी तो रोज सकाळी माझ्याभोवती फेरी मारतो. पायरी, कडी, नळी, अँटेनाचा दांडा. तळवा फिरत फिरत पाठीपर्यंत येतो.

कधी या बाजूला आलात तर एवढंच करा. तुम्ही कधी थांबलात, असं त्यांना विचारू नका. आमच्यात विचारतात तसं विचारा, "आता पुढे कुठे?" आर्लन सांगेल. लुइझियानातून किनाऱ्याकिनाऱ्याने, मिसिसिपीत मासे खाऊन, अलाबामा ओलांडून फ्लोरिडापर्यंत सगळा रस्ता सांगेल, वळणासकट. तो अर्ध्यावर आला की आतून मार्लिस विचारेल, "आधी पायरी आत घेतलीस का?"

आणि तो बोलणं थांबवून, माझ्या अंगाला धरून, पायरी चाचपायला जाईल.