गुळाच्या वखारीतील आवाज

सन दोन हजार चोवीस, फेब्रुवारी महिना, रविवारची दुपार. स्थळ, कोल्हापूर शहरातील शाहूपुरी, ‘पारिसा आदाप्पा मगदूम, गुळाचे अडत व्यापारी’ या दुकानाचा पोटमाळा. तेथे शांतिनाथ मगदूम यांनी कुरिअरने आलेल्या एका रेकॉर्डवर सुई टेकवली, डोळे मिटले, आणि थोड्याच वेळात ते खुर्चीत ताठ बसले.

आधी नुसती खरखर होती. मग त्या खरखरीखालून एक दाट, अखंड गुणगुण वर आली. तिच्यात एक बेसूर पेटी हुंकार देऊ लागली, आणि मागे कोठेतरी खराट्याचा आवाज सुरू झाला. ‘आता तानाबाई ओरडणार,’ असे शांतिनाथांच्या मनात आले. आणि तानाबाई ओरडली.

“आई गं! डसली की सटवी!”

त्यांनी सुई उचलली नाही. बाजू संपेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

शांतिनाथांचा हा छंद पेठेत कोणाला ठाऊक नव्हता, आणि घरात ज्यांना ठाऊक होता त्यांना तो मान्य नव्हता. बंगळूरला नोकरी करणाऱ्या आदितीने, त्यांच्या मुलीने, त्यांना रेकॉर्ड प्लेअर घेऊन दिला, तो त्यांनी जुनी नाट्यपदे ऐकावीत म्हणून. परंतु शांतिनाथ मागवू लागले ते भलतेच. पोलंडमधल्या कुठल्याशा टायरच्या दुकानात चार तरुणांनी केलेला गोंगाट, जपानमधल्या एका न्हाणीघरात गायलेली, शब्द न कळणारी गाणी. ज्यांची नावे त्यांच्या स्वतःच्या गल्लीतही कोणी ऐकली नसावीत, अशा टोळ्यांच्या रेकॉर्डी. सौदे आटोपले, की दुपारी ते पोटमाळ्यावर चढत. खालून पत्नीचा, सुरेखाबाईंचा, आवाज येई.

“लोकं खरखर काढाया पैसं देत्यात, आणि आमचं मालक खरखर इकत आणत्यात!”

“अगं, स्वच्छ रेकॉर्डिंगात गाणं ऐकू येतं, खोली ऐकू येत न्हाई,” शांतिनाथ जिन्यातून वाकून सांगत. “ह्यात कोण कुठं बसलंय, ते कळतंय की.”

“ते कळून तुमाला काय त्यांच्यात सोयरीक करायची हाय?”

सोयरीकच होती ती. पण तिचे मूळ त्यांनी सुरेखाबाईंना कधी नीट सांगितले नव्हते. म्हणूनच एका परदेशी कंपनीच्या यादीत ‘मोहोळ : कोल्हापूरचा एकट्या माणसाचा बँड’ असे वाचले, तेव्हा त्यांचा आनंद त्यांना लपवता आला नाही. “आपल्याच गावात आणखी एक जण हाय गं!” असे ते जेवता जेवता दोनदा म्हणाले. आता तो आणखी एक जण कोण, हे पाहण्यासाठी त्यांनी कव्हरातला कागद बाहेर काढला. छायाचित्रात दाढी राखलेला, काळ्या चष्म्याचा माणूस होता. दाढी पांढरी झाली म्हणून जुना मित्र धैर्यशील सरनोबत ओळखू येणार नाही, असे थोडेच होते!

छायाचित्राखाली इंग्रजीत धैर्यशीलचे निवेदन होते. ‘हे सर्व मी एकट्याने, एका बंद वखारीत वाजवले. मधमाशांना धूर करून हुसकावू नये, हा निर्णय मी जाणीवपूर्वक घेतला. त्या माझ्या सहवादक होत्या. मधली किंकाळी म्हणजे माझ्या आजीने ऐकवलेली, देवीच्या जागरातली हाक आहे.’

शांतिनाथांनी तो परिच्छेद पुन्हा वाचला. एक माणूस दुसऱ्याचे किती उचलू शकतो, याविषयी त्यांचे काही अनुमान होते. ते त्या चार वाक्यांनी मोडीत काढले.

वस्तुस्थिती अशी होती. पंच्याण्णव साली दोघे विशीत होते, आणि ‘काकवी’ नावाचा बँड काढायचा, असा त्यांचा बेत होता. शांतिनाथांनी बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, बाद झालेली पेटी आणली. तिची एक पट्टी दाबली की वर येत नसे. धैर्यशीलकडे मामाने दुबईहून आणलेला टेपरेकॉर्डर होता. जागा म्हणजे मगदुमांची वखार. हंगाम ऐन भरात, गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, थप्पी आढ्याला भिडलेली, आणि तिच्यावर मधमाशांचे थरच्या थर. धैर्यशीलला माशांचे भय लहानपणापासून. त्याने गोणपाट पेटवून धूर करायचे ठरवले, काडीही ओढली. ती शांतिनाथांनी फुंकून विझवली.

“आमच्या वखारीत असलं चालत न्हाई. बाबांनी आजवर एक माशी मारू दिली न्हाई.”

“मारत न्हाई रं, हाकलतोय!”

“धुरानं निम्म्या मरत्यात. त्यांचं पोट हाय ते. तू भाईर थांब, मी वाजवतो.”

आणि धैर्यशील बाहेर थांबला. टेपरेकॉर्डर रव्यांवर ठेवून, बटण दाबून तो पळाला, आणि बाजू संपेतोवर दाराबाहेर रस्त्यावर उभा राहिला. आत शांतिनाथ पेटी वाजवत होते, आणि तानाबाई, वखारीत झाडलोट करणारी, आपले काम करीत होती. तिला कोणी थांब म्हटले नव्हते. बँड तेथेच संपला. धैर्यशील पुण्याला गेला, शांतिनाथ गादीवर बसले. कॅसेट मात्र धैर्यशीलच्या घरी होती. ती होती, तोपर्यंत आपण एकदा काहीतरी केले, याला पुरावा होता. दोन हजार पाचच्या महापुरात सरनोबतांच्या घरात छातीभर पाणी शिरले, तेव्हा गाळ उपसायला शांतिनाथ स्वतः गेले होते. घमेले हातात धरूनच त्यांनी कॅसेटची चौकशी केली. धैर्यशीलने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. “गेली रे, शांत्या. पुरानं नेली.” आणि शांतिनाथांनीच त्याची समजूत काढली होती!

आता त्यांना रक्कम नको होती, जाहीर खुलासाही नको होता. वकिलीचे शिक्षण अर्ध्यावर सोडलेल्या या माणसाने आठवडाभर मनाशी युक्तिवाद करून एकच मागणी शिल्लक ठेवली होती. धैर्यशीलने एकदा, त्याच्या तोंडाने, म्हणावे, की पेटी तुझी होती, तू वाजवलीस.

पुढच्या रविवारी धैर्यशील भावाकडे आला होता. शांतिनाथांनी फोन करून त्याला दुकानी बोलावले. तानाबाईलाही निरोप धाडला. ती आता थकली होती, काम सोडून बरीच वर्षे झाली होती. काठी टेकत आली आणि वखारीच्या उंबऱ्याशी, जुन्या सवयीने, रिकाम्या पोत्यावर बसली. प्लेअर शांतिनाथांनी पोटमाळ्यावरून खाली वखारीत आणून ठेवला होता.

धैर्यशील आला, तो उत्साहातच. “अरे, शांतिनाथ! किती वर्षांनी! वास तोच आहे बघ.”

“बस की. रेकॉर्ड ऐकवतो एक.”

कव्हर पाहिल्यावर धैर्यशीलच्या हातातला चहाचा कप बशीवर टेकला, तो पुन्हा उचलला गेला नाही.

“हे तुझ्याकडे कसं काय?”

“इकत घेतली. का? गुळाच्या पेठेत कोण ऐकणार, असं वाटलं हुतं?”

“तसं नाही रे. मी सांगणारच होतो तुला.”

“पुरानं नेलेली कॅसेट कुठल्या घाटावर लागली, तेवढं सांग.”

धैर्यशील हसला. ते हसू पुण्यात उपयोगी पडत असावे. “हे बघ, तेव्हा तुझे वडील होते. तू बँडमध्ये वाजवलंस, हे त्यांना कळलं असतं तर? तुलाच त्रास झाला असता. मी तुला सांभाळून घेतलं.”

“बाबा जाऊन बारा वर्षं झाली. त्यानंतर कुणाला सांभाळत हुतास?”

“तू मुद्दा समजून घे. वाजवणं महत्त्वाचं नसतं या संगीतात. कल्पना महत्त्वाची. ऐकणारा कान माझा होता. मी ती कॅसेट जपली, स्वच्छ केली, जगासमोर आणली. तू काय केलं असतंस? ढेपेखाली ठेवली असतीस.”

या वाक्यात थोडे तथ्य होते, आणि नेमके तेच शांतिनाथांना लागले. त्यांनी रेकॉर्ड प्लेअरवर ठेवली. मग म्हणाले, “बरं. कल्पना तुझी. माशा ठेवायची कल्पना पण तुझीच?”

“म्हणजे?”

“काडी कुणी ओढली हुती, धैर्या?”

शांतिनाथांनी सुई टेकवली. वखारीत हंगामाच्या माशा होत्याच. रेकॉर्डवरची गुणगुण सुरू झाली, तशी खरी कोणती आणि रेकॉर्डवरची कोणती, हे सांगणे अवघड झाले. तानाबाई मान तिरकी करून ऐकत होती. पेटी आली. खराटा आला. मग ती आरोळी आली, आणि म्हातारी पदर तोंडाला लावून हसू लागली.

“अगं बया! ह्यो तर माझाच आवाज! हितं, ह्या मनगटाला डसलीती. चुना लावलाता तुमच्या आईनं.”

“तानाबाई, ह्यात लिहिलंय की ती देवीची हाक हाय,” शांतिनाथ म्हणाले.

“कुठल्या देवीला माशी डसलीती?”

धैर्यशीलने घसा खाकरला. “पुढच्या आवृत्तीत मी विशेष आभार घालतो. तुमचे दोघांचेही. नाव देतो.”

“आभार नकोत,” शांतिनाथ म्हणाले. “तू फक्त एकदा म्हण. हितं, हिच्यासमोर. पेटी कुणी वाजवली?”

रेकॉर्ड फिरत होती. धैर्यशीलने तोंड उघडले, आणि शांतिनाथ खुर्चीतून किंचित पुढे झुकले. तेवढ्यात थप्पीवरची एक माशी उडाली आणि धैर्यशीलच्या चष्म्याभोवती घिरट्या घालू लागली. तो ताडकन उठला. पुण्यातली सगळी भाषा गळून पडली.

“अरं, हाकल की तिला! शांत्या, हाकल!”

“तिचं पोट हाय ते,” शांतिनाथ म्हणाले.

दोन्ही हातांनी तोंड झाकून तो मागे सरला, तानाबाईचे पोते ओलांडून, उंबऱ्यापलीकडे रस्त्यावर गेला, आणि तेथून वाकून आत पाहू लागला. शांतिनाथ वाट पाहत राहिले. पेटीची अडकलेली पट्टी लांबवर हुंकारत होती. रस्त्यावरचा माणूस अजून माशीच शोधत होता.

तानाबाईने त्याला पायापासून चष्म्यापर्यंत न्याहाळले. मग ती शांतिनाथांकडे वळली.

“अण्णा, ह्या तबकडीत माशा हाईत, मी हाय, तुम्ही हाय. ह्ये पावणं तवाबी दाराभाईरच हुतं.”