खिडकीजवळच्या दोन जागा

दत्तराव रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. घर चुडाव्याला, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. पण बरीच वर्षं ते मुदखेडला दुसऱ्या एका बाईबरोबर राहिले. मालगाडी चुडाव्याला थांबत नसे. आठवड्यातून दोनदा-तीनदा ती घरासमोरून जाई आणि शेवटच्या डब्यात हिरवी झेंडी धरून दत्तराव उभे असत. आवाज आला की त्यांची आई तानुबाई कुंपणापाशी जाऊन उभी राही. बायको सगुणाबाई सुरुवातीला सासूच्या मागं जायची. नंतर दारातूनच बघायची. पुढं पुढं ती हातातलं काम सोडीनाशी झाली.

मग मुदखेडची बाई आपल्या भावाकडं कायमची निघून गेली. दत्तरावांची बदली पूर्णेला झाली आणि एका संध्याकाळी ते पिशवी घेऊन घरी आले. तानुबाईनं त्यांच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. सगुणाबाईनं ताट वाढलं. शेजारची कडूबाई भिंतीपलीकडं कान लावून बसली होती. आता रडारड होईल, भांडी आपटतील असं तिला वाटत होतं. सगुणाबाईलाही तसंच वाटत होतं. पण तिच्या आतून काही आलंच नाही. तिनं वरण आणखी हवं का विचारलं, ते हो म्हणाले, तिनं वाढलं.

असेच महिने गेले. दत्तराव पूर्णेहून ड्युटी करून येत, हातपाय धुऊन जेवत. काही बोलले तर सगुणाबाई "हूं" म्हणे. राग नव्हता, रुसवा नव्हता. दुसऱ्याच्या घरची गोष्ट ऐकावी तशी ती ऐकायची.

दिवाळीनंतर दत्तरावांनी विमानाचं काढलं. पूर्णेच्या रनिंग रूममध्ये, गार्ड-ड्रायव्हर मुक्कामाला थांबतात तिथं, त्यांना केरळकडचा एक ड्रायव्हर भेटला होता. कोचीनहून एक छोटं विमान निघतं, समुद्रातल्या बेटांवरून चक्कर मारून माघारी आणतं, असं त्यानं सांगितलं होतं. रिटायर व्हायला वर्ष राहिलं होतं, रेल्वेचे फुकट पास शिल्लक होते. दत्तरावांना वाटलं, हिला कधी कुठं नेलं नाही, एवढं तरी करावं. रोज जेवण झालं की ते वसरीवर बसून बेत सांगत. सिकंदराबादपर्यंत आपली छोटी लाईन, तिथून मोठ्या लाईनची गाडी. कोचीनला त्या ड्रायव्हरच्या भावाकडं मुक्काम.

"विमान एवढुसंच आसतंय," ते म्हणाले. "आपल्या एस्टीच्या निम्मं. ढगाच्या खालून जातंय, म्हणून सगळं दिसतंय. बेटाच्या कडंनं पाणी हिरवंगार आसतंय म्हणं. आन पुढं एकदम काळं. मी खिडकीजवळच्या दोन जागा सांगून ठेवल्यात."

"हूं," सगुणाबाई म्हणाली. ती ज्वारी निवडत होती. मग तिनं विचारलं, "तिथं उतरायचं का?"

एवढ्या दिवसांत तिनं पहिल्यांदा काही विचारलं होतं. दत्तराव सरसावून बसले.

"न्हाई. उतरायला सरकारी परवाना लागतो. आपुन वरूनच बघायचं."

"आन मंग?"

"मंग माघारी."

ती पुन्हा ज्वारी निवडायला लागली.

विमानवाल्यांनी दोघांची वजनं कळवायला सांगितली होती. विमान छोटं, कुणाला कुठं बसवायचं ते वजनावर ठरायचं. चुडाव्याला काटा नव्हता, म्हणून एका सकाळी दत्तराव बायकोला घेऊन पूर्णेला गेले. विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या दिवशी नांदेडला बंद होता. पॅसेंजर कधी येणार ते स्टेशनमास्तरलाही माहीत नव्हतं. दोघं बाकावर बसून राहिले. गाडी आली तेव्हा उन्हं चढली होती.

पूर्णेच्या पार्सल ऑफिसात आश्रुबा हमाल होता. दत्तरावांना तो ओळखत होता. त्यानं काट्यावरच्या आंब्याच्या रिकाम्या पेट्या बाजूला सारल्या, फडक्यानं लोखंडी पाट पुसला. आधी दत्तराव चढले. मग सगुणाबाई चपला काढून, पदर सावरून उभी राहिली. आश्रुबानं दांडीवरचं वजन सरकवलं, मग मागं घेतलं, आणखी मागं घेतलं.

"वहिनी, निट उभ्या ऱ्हावा."

"निटच हाय मी."

आश्रुबा दांडीकडं बघत राहिला. "आवो, युरियाचं पोतं भारी भरतंय तुमच्यापरीस," तो हसत म्हणाला. पण दत्तरावांचं तोंड बघून त्यानं वजनाचा आकडा चिठ्ठीवर लिहून दिला.

दत्तराव तिच्याकडं बघत होते. काट्यावर, उजेडात, ती त्यांना पहिल्यांदाच नीट दिसली. गळ्याशी हाडं वर आली होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकतील इतके हात बारीक झाले होते. लग्नात ती अंगानं भरलेली होती. तिला उचलून उंबरा ओलांडायला त्यांना लावलं होतं, तेव्हा त्यांची दमछाक बघून सगळे हसले होते.

बाहेर प्लॅटफॉर्मवर आल्यावर ते नळापाशी थांबले.

"तू इतकी कधी वाळलीस गं?"

"मला काय ठाऊक," ती म्हणाली. "आरशात तोंडच दिसतंय."

दत्तराव रडायला लागले. युनिफॉर्ममधला गार्ड रडतोय म्हणून चहावाल्यानं वळून बघितलं. सगुणाबाई शेजारी उभी होती. आता काहीतरी बोलायला पाहिजे, हात तरी धरायला पाहिजे, असं तिला कळत होतं. तिनं वाट बघितली. काहीच झालं नाही. समोर एक कुत्रं रूळ ओलांडून पलीकडं गेलं.

"तोंड धुवा," शेवटी ती म्हणाली. "गाडीची येळ झाली."

घरी आल्यावर तिनं भाकरी टाकल्या. दत्तराव जेवायला बसले तेव्हा ती तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "मी येत न्हाई."

"आगं, समदं ठरलंय. कामून?"

"जिथं उतरायचं न्हाई ते काय बघायचं मला? तसलं लय बघितलं."

दत्तरावांचा घास हातातच राहिला. ती टोमणा मारत नव्हती. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं तिनं सांगितलं होतं.

"मंग मीबी जात न्हाई," ते म्हणाले.

"जावा की. आत्याबाईंना न्या. पास त्यांनाबी मिळतो."

कोपऱ्यात वाती वळत बसलेली तानुबाई घाबरून म्हणाली, "मी? इमानात? आगं माझं वय काय!" आणि जरा वेळानं, "दत्ता, वर लुगडं उडतंय का रं?"

पुढच्या आठवड्यात मायलेक निघाले. सगुणाबाईनं दशम्या बांधून दिल्या, सासूला स्वेटर घातला, स्टेशनवर पोचवलं.

घरी ती एकटी राहिली. एवढं एकटं ती कधीच राहिली नव्हती. पहिल्या दिवशी तिनं सवयीनं तिघांच्या भाकरी केल्या आणि दोघांच्या गाईला घातल्या. मग चूल पेटवायचीच सोडून दिली. शेंगदाणे खाल्ले, गूळ खाल्ला, भूक लागली तेव्हा. दुपारी कडी लावून झोपली. कडूबाई विचारायला आली, "करमतंय का गं?" सगुणाबाईनं विचार केला. "करमतंयबी न्हाई आन करमत न्हाई असंबी न्हाई," ती म्हणाली. कडूबाईनं आपल्या घरचं दही आणून दिलं. ते तिनं बोटानं चाटून सगळं संपवलं.

मायलेक परत आले ते सकाळच्या गाडीनं. तानुबाई दमली होती, पण तोंडावर हसू मावत नव्हतं. फक्त तिला ऐकू येत नव्हतं. विमान वर गेलं तेव्हा कान बसले ते अजून सुटले नव्हते.

"पानी आसं हिरवं, आसं हिरवं," ती मोठ्यांदा सांगत होती, "आपल्या हरभऱ्यासारखं! आन ह्यो दत्ता सगळा येळ डोळे मिटून. ह्याला मळमळायलं. मीच बघितलं समदं!"

दत्तराव ओशाळून वसरीवर बसले. सगुणाबाईला जे बोलायचं ते आता सासूच्या कानाशी ओरडून बोलावं लागत होतं. पाणी तापलंय! औषध घेतलं का! स्वतःचा आवाज घरभर घुमलेला तिला चमत्कारिक वाटला. तिसऱ्या-चौथ्यांदा ओरडताना घसा खवखवला, तरी तिनं आवाज कमी केला नाही.

"भाकर खाता का?" ती स्वयंपाकघरातून ओरडली.

"हो, खातो," वसरीवरून दत्तराव म्हणाले. आपल्यालाच विचारलं असं त्यांना वाटलं होतं.

सगुणाबाई दारात आली. तिनं त्यांच्याकडं बघितलं. प्रवासानं डोळे खोल गेले होते, दाढी पांढरी वाढली होती. विचारलं सासूला होतं, हे सांगावं की नाही, याचा तिनं क्षणभर विचार केला.

"मंग या आत," ती म्हणाली. "गरम हाय."

तिनं दोन ताटं घेतली, मग तिसरं आपल्यासाठी घेतलं.