गाडी कोण चालवत होतं?

गाडीचा पुढचा भाग चेपल्यापासून मोनिकाला "लागलं का गं?" असं विचारलं ते एकट्या सासूबाईंनी. बाकी जो तो विम्याचंच विचारत होता.

सासूबाईंचं, गोजरबाईंचं, डायलिसिस आटोपून ती त्यांना कोपरगावहून पुणतांब्याला आणत होती. दिवेलागणीला रस्त्याच्या कडेला उसाचा ट्रेलर उभा होता; मागे ना दिवा, ना लाल पट्टी. ऐनवेळी स्टिअरिंग वळवलं म्हणून दोघी वाचल्या, पण गाडी बाभळीवर आदळली. मोनिकाचं मनगट सुजलं.

"पॉलिसी आण्णांच्या नावावर आहे," तिच्या नवऱ्यानं, कल्याणनं, चाकणहून फोनवर बजावलं. "आण्णाच चालवत होते म्हणायचं. सून चालवत होती म्हटलं तर ते पैसे देणार नाहीत. इथं सगळे हेच सांगतात."

मोनिकानं वाद घातला नाही. लायसन तिचं स्वतःचं होतं, दवाखान्याची प्रत्येक खेप तीच करत होती. पण स्वयंपाक, गोठा, दवाखाना उरकून भांडायला अंगात जोर राहिला नव्हता. म्हणू दे काय म्हणायचं ते, असं तिला झालं होतं.

विमा कंपनीचा सर्व्हेअर गॅरेजवर आला. वाकून, फिरून त्यानं गाडीचे फोटो काढले.

"चालवत कोण होतं?"

"मी हुतो," आण्णा, म्हणजे तिचे सासरे कानिफनाथ, म्हणाले.

"लायसन दाखवा, आण्णा."

कानिफनाथांचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. मोनिकाच्या एकदम लक्षात आलं. मोतीबिंदू झाल्यापासून त्यांनी गाडीला हात लावला नव्हता. लायसनची मुदत कधीच संपली असणार. घरात कुणाच्या ध्यानातही ते आलं नव्हतं. म्हातारा मान खाली घालून उभा राहिलेला तिला बघवेना.

"मी चालवत होते," ती म्हणाली आणि आपलं लायसन पुढे केलं.

सर्व्हेअरनं ते निरखून पाहिलं. "मग हे आधीच सांगायचं ना, ताई! मालकाच्या संमतीनं घरचं कुणीही गाडी चालवू शकतं, लायसन तेवढं चालू पाहिजे. आण्णांचं नाव लावलं असतं तर क्लेम तिथंच बुडाला असता." मग तो कानिफनाथांकडे वळला. "यांनी गाडी तुम्हाला विचारून नेली होती ना?"

"इचारून?" कानिफनाथांनी डोळे पुसले. "सायेब, माझ्या म्हातारीला दवाखान्यात दुसरं कोन न्हेनार हाय? हीच न्हेती. लई दिस झालं, हीच न्हेती."

संध्याकाळी कल्याणचा फोन आला. मोनिकानं तो सासऱ्यांच्या हातात दिला आणि चुलीपाशी बसली.

"व्हय, खरं सांगितलं," कानिफनाथ म्हणत होते. "क्लेम मिळंल म्हनला सायेब. त्ये ऱ्हाऊ दे. तू शुक्रवारी रजा काढ अन् आईला न्हे. येक दिस मोनिकाला निजू दे."

पलीकडून काय उत्तर आलं ते मोनिकाला ऐकू आलं नाही. "बघतो म्हनला," सासऱ्यांनी फोन ठेवत सांगितलं.

शुक्रवारी कल्याण आला नाही. मोनिका सासूबाईंचा हात धरून सकाळच्या एसटीत चढली. गर्दी नव्हती. खिडकीशी बसताच तिचा डोळा लागला. गोजरबाईंनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि कोपरगाव येईपर्यंत खांदा हलू दिला नाही.